निशाण दिसलं नाही

ॲन आर्बर, शनिवार, नोव्हेंबर १९८४

ट्रॉयहून, गोखलेकाकूंच्या घरून, परत येऊन दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो तसाच गार झाला. काकूंनी जेवताना सहज विचारलं होतं, "तुझ्या थीसिसमधला तो फ्रेंच आरमारी अधिकारी कुठवर आलाय गं?" मग काय, मी सांगत सुटले. दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस, हुशार, तरुणपणीच जहाजाचा कप्तान. एका लढाईत शत्रू समोरून निसटत होता आणि हा जागचा हलला नाही. ताफ्याच्या प्रमुखाच्या जहाजावर हल्ल्याचं निशाण चढल्याशिवाय हलायचं नाही, असा नियम. धुक्यात निशाण दिसलं नाही. चौकशीतही त्याने तेच सांगितलं. निर्दोष सुटला, पण पुन्हा कधी जहाज मिळालं नाही.

काकूंची नेहा भात चिवडत म्हणाली, "बट व्हाय डिडन्ट ही जस्ट गो?"

मी आमटीचं भांडं तिच्याकडे सरकवलं. थीसिसमध्ये यावर अख्खं प्रकरण लिहिलंय मी.

आणि मी स्वतः काय करतेय? कागदपत्रं बघायला वर्षभर पॅरिसला जायचं की नाही, हे गाइडना सोमवारी सांगायचंय. बाबांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, "बघू." तेव्हापासून त्या 'बघू'कडे डोळे लावून बसलेय. निशाण दिसलं नाही, म्हणून जागची हलले नाही. त्याच्यासमोर निदान तोफा तरी होत्या.

सोमवारी हो सांगणार. बाबा चिडतील, म्हणतील, "मला न विचारता?"

विचारलं होतं, बाबा. इकडे धुकं फार होतं.