इथे सेव्ह होत नाही

आई, तुझा तो तलवारवाला गेम मी पुन्हा कॉम्प्युटरवर घेतला आहे आणि आठवडाभर ऑफिसातून आल्यावर तोच खेळतो आहे. प्रेमापोटी नाही. तो किती भिकार आहे ते मला एकदा नीट बघून घ्यायचं होतं. आमच्या इंदूरच्या पलासियातल्या ऑफिसातली पोरं हल्ली जुन्या गेमांचा विषय निघाला की देव्हाऱ्यासमोर उभी असल्यासारखी बोलतात. त्यातला एक परवा मला म्हणाला, "भिया, क्या गेम था! आजकल के गेम में वो बात कहाँ!" तो गेम निघाला तेव्हा हा भिया पाळण्यात असेल. मी हो हो म्हणून मान हलवली. त्या गेमनं माझी आई खाल्ली, हे त्याला चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या काय सांगणार?

घरात तो मीच आणला, हे आधी कबूल करून टाकतो, म्हणजे तुला तेवढंच धरून बसता येणार नाही. तुमच्या शाळेत मुलांचे मार्क कॉम्प्युटरवर भरायचा हुकूम आला आणि तुला माउस काही धरता येईना. माउस टेबलाच्या कडेला पोचला की तो उचलून परत मागे ठेवायचा असतो हे तुला पटतच नसे, तू टेबल सरकवायला निघायचीस. म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर स्नेहलतागंजच्या घरी, बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर आणून ठेवला आणि त्यात हा गेम टाकला. कारण या गेमात माउस दाबण्याखेरीज दुसरं काही नाहीच. चालायचं तर माउस दाबा, मारायचं तर माउस दाबा, दार उघडायचं, दुकानदाराशी बोलायचं, पडलेली अंगठी उचलायची, सगळ्याला एकच. बोट दुखून येतं आणि डोकं रिकामं राहतं. ही त्याची पहिली खोट. तुला माउस आला, मार्क भरून झाले, तू रिटायर झालीस. गेम तेवढा रिटायर झाला नाही.

चांगल्याला चांगलं म्हणावं असं तू वर्गात शिकवायचीस, माझ्या वहीवर मात्र तसं कधी लिहिलं नाहीस. मी लिहितो. त्या गेमातला अंधार चांगला आहे. वर वाळवंटात एक गाव, आटलेल्या तळ्याकाठचं, आणि किल्ल्याखाली मजल्यावर मजले. आपल्या माणसाभोवती तेवढा उजेडाचा एक गोल, बाकी काळं, आणि त्या काळ्यातून आधी नुसते खुरांचे आवाज येतात. अजूनही मान ताठ होते माझी. खाली उतरावं तितक्या वेळा वाटा नव्या असतात, त्यामुळे पाठ करून जिंकता येत नाही. आणि दगडावर अंगठी पडल्याचा तो टिंग आवाज! त्या एका आवाजासाठी माणूस आणखी एक खोली, आणखी एक खोली करत जातो. झालं कौतुक. पुढे सांगण्यासारखं काही नाही.

बाकी सगळा आनंदच आहे. गावातून आपला माणूस असा चालतो की जणू वरातीत निघालाय, पळता येतच नाही त्याला. गावकरी भेटावं तेव्हा तेच एक वाक्य बोलतात. तू त्यांना उलट उत्तरं द्यायचीस. "हा मेला रोज किल्ल्याचंच रडगाणं लावतो, दुसरं काही आहे की नाही रे तुझ्याकडे?" असं तू त्या लोहाराला विचारताना मी स्वतः ऐकलं आहे. एकदा अंगात ताकद भरली की भरली, चुकली म्हणून परत घेता येत नाही. तू अर्ध्याहून जास्त ताकद सौदेबाजीत घातली होतीस, दुकानदार चार नाणी जास्त देईल म्हणून, आणि मग दुसऱ्याच मजल्यावर उंदरांनी तुझा शूरवीर फाडून खाल्ला. आणि ती पिशवी! चौकटी आखलेली, जेमतेम दोन ढाली मावतील एवढी. तू त्या पिशवीत बाटल्या अशा लावायचीस की फ्रिजसुद्धा कधी तसा लावला नाहीस. मेलेल्या सैतानाची फुटकी ढालसुद्धा तुला सोडवत नसे. ती घेऊन सगळे मजले चढून वर गावात यायचं, विकायची, आणि पुन्हा खाली. शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात ते हेच. मी म्हणालो, टाकून दे ना, पुढे चल. तर तू चष्म्यावरून बघितलंस. "लक्ष्मी अशी जमिनीवर टाकून जातात काय? तू ना, जल्दी खूप करतोस. अर्ध्यावर टाकून पळायची आदतच आहे तुला." गेमबद्दल बोललीस की माझ्याबद्दल, ते मी तेव्हा विचारलं नाही.

पण सगळ्यात मोठी खोट वेगळीच. या गेमात किल्ल्याच्या पोटात असताना सेव्ह होत नाही. वर गावात यायचं, विहिरीपाशी उभं राहायचं, तरच तिथपर्यंतचं राहतं. मध्येच बंद केलं तर सगळी मेहनत पाण्यात. माणसाच्या घरात दूधवाला येतो, फोन येतो, मुलगा येतो, हे ज्यांनी तो गेम बनवला त्यांच्या गावीच नव्हतं. निदान इतकी वर्षं मी असंच धरून चाललो.

तो रविवार तुला आठवत असेल नसेल. दुपारची वेळ आहे, स्टेशनकडून येताना मी रिक्षात वाक्य जुळवत आलोय. दार उघडंच आहे. तू पाठमोरी, वेणी खुर्चीच्या पाठीवरून लोंबतेय, शेजारी तिखट सेवेची वाटी. मी एकटा आलोय. एरवी मी चप्पल काढायच्या आत तू विचारतेस, "आमची चिमणी कुठेय?" त्या दिवशी तू नातीचं नावही काढत नाहीस. हे मला तेव्हाच लागलं होतं. मी म्हणतो, "आई, जरा बोलायचं होतं."

"हां, बोल ना. नाही, रुक जरा. इथे सेव्ह नाही होत."

"थोडा वेळ बंद कर ना."

"अरे, कसं बंद करू, सगळं जाईल. पार खाली आहे मी. तू बैस, डब्यात सेव आहे, घे."

मी बसलो. सेव खाल्ली. तू मारत राहिलीस. माझी बायको मुलीला घेऊन पुण्याला निघून गेली आहे आणि आता परत येणार नाही, हे वाक्य मी सेवेबरोबर गिळलं. मग उठलो, निघतो म्हणालो. तू मान न वळवता म्हणालीस, "जेवून गेला असतास." जिना उतरताना मागून खुरांचे आवाज येत होते.

पुढच्या खेपेला सांगू म्हणून ठेवलं, आणि दिवाळीच्या आधीच तू गेलीस. पाहुणे जमले तेव्हा सून का नाही आली म्हणून सगळ्यांनी मला विचारलं, आणि जे तुला सांगायचं होतं ते मी आधी पोलोग्राउंडच्या कारखान्यातल्या, बाबांच्या कुणा जुन्या ओळखीच्यांना सांगितलं. तेव्हापासून माझा राग त्या गेमवर आहे. तुझ्यावर धरवत नव्हता म्हणून त्याच्यावर. मेलेल्या आईवर रागवायचं कसं, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

तर या गुरुवारी मी खेळत होतो, शेजारी सेवच होती, काय करणार, इंदूरची सवय, आणि वाटीकडे हात नेताना कोपर कीबोर्डवर पडलं. पीचं बटण दाबलं गेलं. पडदा मंद झाला. एक बाण हवेत होता तो हवेतच राहिला, सैतान एक पाय उचलून उभा. मी पुन्हा दाबलं, सगळं सुरू झालं. पुन्हा दाबलं, थांबलं. म्हणजे सेव्ह होत नाही हे खरं, पण थांबतं. हवा तितका वेळ थांबतं. आणि मग मला गॅसवरचं दूध आठवलं. तू खेळता खेळता नाक वर करायचीस, वास घ्यायचीस, एक बटण टक् करून दाबायचीस आणि स्वयंपाकघरात पळायचीस. गॅस बंद करून, पदराला हात पुसत परत यायचीस आणि तुझा शूरवीर जागच्या जागी धड उभा असायचा. किती वेळा पाहिलं होतं मी ते! दुधासाठी थांबवायचीस. माझ्यासाठी नाही. तेव्हा गेमवरचा सगळा राग उचलून मी तुझ्यावर आणून ठेवला. जिथं असायला हवा होता तिथं आला एकदाचा. तीन दिवस मी तुला मनात काय काय बोललोय ते इथं लिहीत नाही.

आज रविवार. चिमणी आता तुझ्यापेक्षा उंच आहे. अकरावी-बारावीसाठी आपणहून माझ्याकडे आली, घरात माणसाचा आवाज झाला. गेले काही दिवस ती गच्चीत उभी राहून तिच्या आईशी फोनवर बोलते आणि मी आलो की पुण्याच्या कॉलेजांचं बोलणं हवापाण्यावर जातं. मी तिला ॲडमिशनचं काही विचारत नाही. मघाशी ती दारात आली. "बाबा, थोडी बात करायची होती." मी किल्ल्याच्या पोटात होतो. डावा हात कीबोर्डवर होता, पी कुठं आहे ते चांगलं माहीत होतं. मी म्हणालो, "रुक बेटा, इथे सेव्ह नाही होत." ती ठीक आहे म्हणाली आणि गेली. ती माझ्यासारखी सेव खात बसणाऱ्यांतली नाही.

ती काय सांगणार ते मला माहीत आहे, आई. तिनं तोंडानं म्हटलं की ते खरं होईल, म्हणून मी पडद्यावरची नजर काढली नाही. आणि आत्ता कळतंय की त्या रविवारी तू चिमणी कुठेय असं का विचारलं नाहीस. मी एकटा दारात उभा राहिलो तेव्हाच तुला समजलं होतं.

म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. घाबरली होतीस, कबूल. तरी तू आई होतीस, वळून बघायला हवं होतंस. हे वाक्य मी दोनदा वाचलं. हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, तेव्हा तुझ्याशी आता खोटं बोलण्यात अर्थ नाही. हे लिहायला बसण्याआधी मी पी दाबला. गेम केव्हाचा थांबलेला आहे, शेजारी पडदा मंद झालाय. मुलीसाठी जे बटण दाबवलं नाही ते तुझ्याशी भांडायला दाबलं. तिच्या खोलीत दिवा आहे. जातो.