मामंजींची पांढरी पँट

रविवार, वडवणी. दिवेलागण.

मामंजींची पँट धुवायला घेतली अन् तशीच थांबले.

साठी उलटली तरी दर रविवारी पोरांबरोबर मॅच खेळायला मामंजींना कडक इस्त्रीची पांढरी पँट लागते. म्हणे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्रज साहेब असेच, एक पैसा न घेता, निव्वळ हौसेनं खेळायचे. साहेबांच्या पँटी कोण घासायचं, ते मात्र सांगत नाहीत. इथं काळी माती, अन् घासणारी मी.

आज शेवटच्या बॉलवर समोरच्यांना तीन रन हवे होते. मामंजींनी लोळण घेऊन बॉल बाउंड्रीच्या लाइनीपाशी अडवला. दोनच रन झाले, आपली पोरं नाचायला लागली. तेवढ्यात मामंजींनीच हात वर केला. म्हणाले, माझा गुडघा लाइनीला लागलाय, चौकार द्या. हरलो.

तेव्हापासून आमचे हे वडलांवर धुमसतायत. चहा पितानाही तेच. "लागलाच न्हवता. अंपायरनं पाहिलं न्हाई, तर तुमी कावून सांगायचं? उगं मोठेपणा."

"मला कळलं ना," मामंजी एवढंच बोलले.

खरं सांगायचं तर मलाही शंका आली होती. हा नुसता साहेबी थाट तर नसेल?

आता पँट उजेडात धरली. गुडघ्यावर काळ्या मातीचा डाग, अन् त्याच्यावर लाइन आखायच्या फक्कीचा पांढरा पट्टा. सरळ, दोन बोटं रुंद.

तशीच नेऊन यांच्यापुढं धरली. यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली फक्की बघत राहिले.

मग म्हणाले, "धू. इस्त्री मी करतो."