बरणीवरची टिकली

२ जानेवारी २०२५

जावयाचा फोन. पियुष संक्रांतीला येतोय, लग्नानंतर पहिल्यांदा. इकडे निघालेल्या मित्राच्या हाती व्होडकाची बाटलीही धाडून दिली! "बाबा, लोणच्याला तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. हिच्यात मिरची-लसूण मुरवून ठेवा. पुण्यात लोक वेडे आहेत याच्यासाठी."

मी "हो हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लेकीने, अपेक्षाने, नवऱ्याला माझी जुनी कहाणी सांगितलेली नाही. सहा वर्षं झाली मला दारू सोडून. नाही म्हणावं तर का, तेही सांगावं लागतं.

बायको, शीला, एवढंच म्हणाली, "करा. पण बरणी माह्या सैपाकघरात राहीन."

४ जानेवारी

घातलं एकदाचं. काचेची बरणी, वाळल्या भिवापुरी मिरच्या, लसूण, भाजलेलं जिरं, वाळल्या कैरीची दोन मुठी आंबोशी — ही आंबोशीची अक्कल माझी. ओतताना तोंड बाजूला केलं. बोटही चाटलं नाही. लिहून ठेवतो.

७ जानेवारी

रंग झकास आलाय. बरणी फिरवून पाहिली, तर मागे टिकली! शीलाची. पहिल्या दिवशीच्या पातळीशी बरोब्बर चिकटवलेली.

पूर्वी कपाटातल्या बाटलीलाही लावायची. मी ती हळूच काढून खाली लावायचो, आणि स्वतःला फार हुशार समजायचो. आज लाज वाटली.

पण आज व्होडका टिकलीच्या चांगली दोन बोटं खाली आहे. आणि मी थेंब घेतलेला नाही!

८ जानेवारी

शीला बोलत नाही. म्हणजे बोलते — भाजी कोणती करू, दूध आलं का. तेवढंच. "मी नाही घेतली" हे मी तिला इतक्यांदा ऐकवलंय, की आता खरं असून तोंडातून निघत नाही.

९ जानेवारी

आणखी खाली.

१० जानेवारी

सापडला चोर!

सकाळी चिमट्याने एक मिरची काढून फोडली, तर आतून धार! पोकळ मिरच्या पोटं भरभरून प्यायल्या. आंबोशी तर वर तरंगत होती, ती ओढून ओढून गुबगुबीत झाली. जन्मभर लोणची घातली आणि हे सुचू नये? भीतीने डोकंच चालत नव्हतं.

शीलाला हाक मारली. "फडकं आण. तूच पिळ, मी हात लावत नाही." तिने सगळं गाळलं, पिळलं. हात झोंबले, तशा शिव्या दिल्या — मिरचीला आणि मलाही. मग पियुषच्या त्याच रिकाम्या बाटलीत परत ओतलं. चढत चढत गळ्याशी आलं! बोटभर कमी पडलं खरं. म्हटलं, फडक्यात राहिलं असेल.

ती मटकन पाटावर बसली. "देवाले काय काय बोलली मी तुमच्यापायी," म्हणाली आणि रडायला लागली. मग हसायला लागली. मीही. छातीवरचा धोंडा उतरला! दुपारी भाकरी जास्तीची खाल्ली आणि ढाराढूर झोपलो.

११ जानेवारी

शेजारचा रामलाल, ट्रक चालवतो, चमचाभर चाखून गेला. "काका, कानातून धूर निघून राह्यला!" म्हणजे जमलं.

१४ जानेवारी

पियुषने माझ्यापुढेही ग्लास ठेवला. म्हणालो, "मी सोडली. वाईट सवय होती, फार वर्षं. आता नुसती मुरवून देतो." तो म्हणाला, "बरं बाबा," आणि ग्लासात पाणी ओतून दिलं. बस्, एवढंच! ज्याला इतका घाबरलो होतो, ते तिळगूळ चघळता चघळता संपलं. अपेक्षा तेवढी आत जाऊन डोळे पुसून आली.

१६ जानेवारी

पोरं गेली. शीला भांडी लावत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "बोटभर कमी पडली ना, ती मी घेतली. रोज दुपारी एक चमचा. बरणी त्याच्याहून खाली गेली, म्हनून तर भेली मी."

"तू? काहून?"

"म्हटलं पाहावं तरी, मले सोडून एवढे वर्ष तुमी कायच्यामागं जात होते."

"मग?"

"काहीच नव्हतं त्यात."