निःशब्द खोलीतली पाल

१६ जून, सोमवार
मेंदूच्या लहरी मोजायचं यंत्र आलं! स्किझोफ्रेनियाचं निदान करताना डॉक्टर रेत्नो मॅडमना त्याची मदत होणार. टिक-टिक-टिक चालू असताना मधेच 'टुंग' वाजतं. निरोगी मेंदू दखल घेतो, आजारी बऱ्याचदा घेत नाही. खोलीत दुसरा आवाज नको. 'खोली पूर्ण निःशब्द' असा दाखला मीच दिला. सही झोकात. महिन्याभरात खातेप्रमुख.

१७ जून
कपाटामागे टोकेक, ती मोठ्याने ओरडणारी पाल! ती ओरडली की आम्ही जावातली माणसं मोजणारच: फायदा, तोटा, फायदा, तोटा... सातवर थांबली. फायदा! बढती पक्की. पाल उद्या काढू.

१८ जून
वॉर्डातल्या लास्त्रीबाईंची तपासणी. त्यांना कानात आवाज यायचे, आता थांबलेत. रविवारी लेकीचं लग्न. आज सगळं ठीक निघालं तर सुट्टी. मधेच पाल ओरडली. खोलीत मी आणि बाई; मॅडम काचेपलीकडे, तिथे आवाज जात नाही. नंतर मॅडमनी बाईंना विचारलं, काही ऐकू आलं? बाई म्हणाल्या, पाल, सात वेळा. मॅडमनी मला विचारलं. मी म्हटलं, छे! पाल कुठली?
सुट्टी रद्द. गोळी वाढणार. बाई म्हणाल्या, अहो दादा, तुम्हीपण बोटांवर मोजत होतात की! मी म्हटलं, बोटं मोडत होतो.

१९ जून
पाल पकडली. म्हणजे तिने मला. बोट सोडेचना मेली! मॅडमना सांगितलं, दारात चेमटलं. खरं सांगणारच होतो, पण त्या कामात होत्या. शिवाय दाखल्याची अब्रू. झोप नाही. डास फार.

२० जून
जोग्या शहरातून मोठे साहेब आले. निरोगी मेंदूचा नमुना म्हणून मॅडमनी मलाच बसवलं. अखेर कदर झाली! डोक्यावर टोपी, तारा. आणि ओरडली की ती भवानी! चेहरा दगडासारखा ठेवला. साहेबांनी विचारलं, काही ऐकलंत? छे, म्हटलं.
मॅडमनी पडदा दाखवला. 'टुंग'ला काही नाही. मधेच सात उसळ्या. म्हणाल्या, सुगेंग, तोंड नाही म्हणतंय, पण डोकं मोजतंय.

२२ जून, रविवार
लास्त्रीबाई लग्नाला गेल्या. मला नवा दाखला लिहावा लागला: खोलीत पाल आहे, बाईंनी बरोबर ऐकलं. सही साधीच.
दुपारी त्यांच्याकडून कोंबडी-भाताचा डबा आला. आत चिठ्ठी: दादा, मांडवातही पाल ओरडली. नऊ वेळा. मी आधी गप्प बसले. मग सगळेच मोजायला लागले, तेव्हा मीही मोजलं.
भात तसाच ठेवला. बाई, मीही ऐकली होती.