'सर्वानुमते' असे मीच आधी लिहून ठेवले होते

मी, भैय्याजी गोविंदराव पेटकर, वय ७६ वर्षे, धंदा मोटारपंप दुरुस्ती, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःहून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. डोक्यात गोंधळ नाही असे मात्र त्यांनी लिहिलेले नाही, आणि लिहिले असते तर ते खोटे ठरले असते.

१. राहते घर पत्नी रुख्मिणी हिच्या हयातीपर्यंत तिचे; तिच्यानंतर मुलगा हेमराज व मुलगी मयुरी यांचे समसमान. पोस्टातली ठेव रुख्मिणीची. तिचे काय करावे याचा सल्ला तिला कोणी देऊ नये. मी चाळीस वर्षे देत आलो. तिने एकदाही ऐकला नाही आणि दरवेळी तिचेच बरोबर निघाले.

२. दुकानाचे लिहिण्याआधी पक्षाचे लिहिणे भाग आहे, कारण घोळ तिथला आहे.

मी पक्षाचा तालुका चिटणीस होतो. सभेचा ठराव आदल्या दिवशीच लिहून ठेवायची आमची रीत. 'यांची सर्वानुमते निवड झाली' एवढे लिहून नावापुरती जागा कोरी सोडायची. नाव वरून फोनवर येई. अकरा वर्षांपूर्वी तालुकाध्यक्षपदाला माझा शाळेपासूनचा मित्र तानबा उभा राहिला आणि चिठ्ठ्याच टाका म्हणून हटून बसला. त्रेचाळीस जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी आतल्या खोलीत एकट्याने मोजल्या. तानबाला एकोणतीस होत्या. तेवढ्यात फोन आला. नाव दुसऱ्याचे होते. ठराव तर लिहून तयार होता. मी कोरी जागा भरली, बाहेर येऊन ठराव वाचून दाखवला आणि सगळ्यांनी हात वर केले. तानबानेही केला.

घरी येताना त्याने विचारले, "भैय्या, मले किती पडले गा?"

मी म्हणालो, "चार."

त्याने पुन्हा विषय काढू नये एवढ्यासाठी म्हणालो. त्यानेही काढला नाही. पक्ष मात्र सोडला.

३. मागे टीव्हीवर आमदारांची बैठक दाखवत होते. दिल्लीहून निरीक्षक आले, एका ओळीचा ठराव झाला, हात वर झाले आणि राज्याला मुख्यमंत्री मिळाला. मी मयुरीला म्हटले, "हे कोनती लोकशाही?"

"बाबा, संसदीय पद्धत अशीच राह्यते. आपण आमदार निवडतो, आमदार नेता निवडतेत. कायद्यात बसते ते."

"अन् फोन आल्यावर हात वर केला तं?"

"तरी हात त्याईचाच ना!"

तेव्हापासून मला झोपेत नव्हे, जागेपणी कोडे पडले आहे. तिचे खरे धरले तर तानबाचा हातही त्याचाच होता आणि मी काहीच चुकलो नाही. खोटे धरले तर ज्या लोकशाहीसाठी मी देवळीभर सतरंज्या अंथरल्या ती कुठे होती? बरे, एकोणतीस हा तरी लोकांचा कौल म्हणावा का? त्या त्रेचाळीस जणांना कोणी निवडले? यादी मीच केली होती. इकडून बघावे तर तिकडचे पटते. वकीलसाहेब म्हणतात, हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. न बसो, पण राहू द्यावा.

४. दुकान कोणी चालवावे हे घरच्यांनी ठरवावे म्हणून गेल्या दसऱ्याला मी चिठ्ठ्या घेतल्या. मतदार चार: रुख्मिणी, हेमराज, सून आचल आणि मयुरी. हेमराज गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. मयुरी नालवाडीहून रोज बसने येते आणि जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून स्वतःच्या हाताने भरते. चिठ्ठी घडी करताना रुख्मिणी म्हणाली, "तुमी नाव आधीच लिहून ठेवलं असन. मंग आमच्या चिठ्ठ्या काऊन घेऊन राह्यले?"

नाव खरोखरच लिहिलेले होते. कच्च्या मसुद्यात हेमराजचे. हाताला सवयच तशी. मोजले तर मयुरीला तीन, हेमराजला एक. मयुरीने विचारले, "मले किती, बाबा?" आणि मी म्हणालो, "एक." ती फरम्यावर तार गुंडाळायला बसली. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

५. म्हणून खोडून लिहितो: दुकान, वायंडिंगचे मशीन, सगळे फरमे व हत्यारे मयुरीची. तीन विरुद्ध एक. हेमराजने गल्ल्यावर बसावे, निम्मा नफा त्याचा. आता हेही मी वरून एक नाव पाठवणेच झाले, हे मला समजते. मेलेल्या माणसाशी कोणाला वाद घालता येत नाही. मोजणी खरी सांगितली, एवढाच फरक. तो पुरेसा आहे की नाही, मला माहीत नाही.

६. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते असे वकीलसाहेब सांगतात. माझा दुसरा साक्षीदार तानबा याने मात्र संपूर्ण वाचूनच सही करावी. हे त्याच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही.

ठिकाण: देवळी. दिनांक: १२ जानेवारी २०२६.

लिहून देणार: भैय्याजी गोविंदराव पेटकर (सही)

साक्षीदार १: अश्वजित रामटेके, निवृत्त शिक्षक, देवळी (सही)

साक्षीदार २: तानबा लक्ष्मण उगेमुगे, देवळी (सही)

(साक्षीदार २ यांच्या हस्ताक्षरात) सर्व वाचून सही केली. मले चारच पडले असं समजून अकरा वर्षं मी त्या चिठ्ठ्या टाकनाऱ्या लोकाईले रामराम घातला नाई. त्यातले आठ जण वारले. मी एकाच्याही मयतीले गेलो नाई.