लेझर बसवला त्या दुपारी

प्रिय आप्पा,

तुमच्या मशीनची पिन मी काढून ठेवली आहे. तरी पुन्हा पुन्हा जाऊन बघते, खरंच काढली आहे ना? माय ओट्यावर शेंगा सोलतेय. तिच्यापुढे त्या दुपारचा विषय काढायची हिंमत होत नाही. मग कुणाला सांगू? म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुम्ही गेल्यापासून पत्र्याच्या खोलीतलं, कॉम्प्युटरवर लाकूड कोरणारं तुमचं सीएनसी मशीन मीच चालवते. प्रकाशा गावच्या देवळांत दर्शनाला येणारे लोक अजून आपले लाकडी देव्हारे नेतात. पण हल्ली सगळ्यांना बारीक जाळी हवी, तिच्यावर घरच्यांची नावं हवीत! मशीनच्या कोरणाऱ्या राउटरचं पातं गोल फिरणारं, कितीही लहान लावलं तरी आतला कोपरा टोकदार निघत नाही. म्हणून लेझर मागवला. मुठीएवढा डबा. राउटरशेजारी स्क्रूने कसायचा आणि एक वायर कंट्रोलरला जोडायची, बस.

तुम्ही नाहीच म्हणाला असतात. "ज्या हत्यारना आवाज येस नही, त्यानावर भरोसा ठेवू नको, बेटा."

पण आप्पा, आवाज करणाऱ्या हत्यारानं तरी तुम्हाला कुठे सोडलं? पातं तुटून तुकडा डाव्या डोळ्यात घुसला, तेव्हा चष्मा कुठे होता? शर्टाच्या खिशात! मायनं किती महिने तुमच्या डोळ्यात थेंब टाकले. अजूनही कुणी डोळ्याचं दुखणं काढलं की ती उठून आत जाते.

मागच्या आठवड्यात एका दुपारी लेझर बसवला. त्याच्या उजेडानं डोळा जळतो म्हणून सोबत आलेला रंगीत चष्मा घातला, मायला खोलीत येऊ नको म्हटलं आणि सुरू केलं. निळा ठिपका प्लायवर सरकू लागला. काय अक्षर निघालं, आप्पा! वेलांटीसुद्धा केसाएवढी.

तेवढ्यात कॉम्प्युटर अडकला.

राउटरचं डोकं जागेवर थांबलं तरी पातं फिरत राहतं, त्यानं फारसं बिघडत नाही. लेझर मात्र तिथेच बंद व्हायला हवा, आणि ती सेटिंग मी बदललीच नव्हती. तो एकाच जागी जाळत राहिला. प्लाय भेदून खाली गेला. टेबलाच्या फटींत सागाचा भुसा साचून बसलेला. एकदम भडका!

पिन मशीनच्या मागे. धुरात हात चाचपडत होता, आणि दारातून आवाज आला, "काय जयी ऱ्हायनं वं, सुनंदा?"

माय बादली घेऊन आत आली होती. डोळ्यांवर काही नाही.

"माय, डोया मिट! तठे देखू नको!"

तिनं पाहिलं. आग लागल्यावर कोण पाहणार नाही? मी पिन ओढली, बादली हिसकावून ओतली. आग विझली. माय मात्र दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "डोयापुढे पिवया ठिपका दिखी ऱ्हायना."

शेजारच्यांच्या रिक्षातून शहाद्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो. माय आळीपाळीनं एकेक डोळा तळहातानं झाकत होती. मी विचारत होते, "रस्ता दिखस ना? झाड दिखस ना?" ती नुसता हात बदलत होती. एकाच घरात दोघांचे डोळे जाणार? आणि तिचे तर माझ्या हातून?

डॉक्टरांनी औषध टाकून बराच वेळ तपासलं. "पडद्याला इजा दिसत नाही. तरी पुन्हा दाखवायला या. आणि ताई, असली वस्तू उघड्यावर चालवतात का?"

परत येताना मायनं विचारलं, "ते मशीन इकी टाकशी का?"

"तू सांगशी ते."

"इकू नको. तुन्हा बापनी कष्ट करीसन बनाडेल शे. पन मले भ्या वाटस, बेटा."

मलाही वाटतं, आप्पा. रोज सकाळी एक डोळा झाकून मी तिला कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावते. ती चिडते, पण वाचते. ती एखाद्या आकड्यावर अडखळली की मी तोच आकडा पुन्हा विचारते.

वचन देते. आधी फटीफटीतला भुसा निघेल. मग मशीनभोवती बंद पेटी, दार उघडताच लेझर विझवणारं बटण, आणि मायच्या नावाचा वेगळा चष्मा. पण हे सगळं झालं तरी, डॉक्टर पुन्हा तपासून तिचे डोळे ठीक आहेत असं सांगत नाहीत तोवर, मी लेझरच्या वायरला हात लावणार नाही.

तुमची,
सुनंदा