एकसष्टावी चौकडी

४ जानेवारी, रविवार

आमोद आजही माझ्या खुर्चीवर. खिडकीजवळच्या. बाई म्हणाल्या, "बिलाल, तू इकडे बस. तुझी नजर चांगली, तुला उजेड लागत नाही." जणू आमोद आंधळा आहे. कॉलेजात जाणारा मुलगा! बाईंच्याच सोसायटीत राहतो, दोन जिने उतरला की पोचला. मी गुलटेकडीहून दोन बस बदलून धायरी गाठतो. सहा वर्षं, दर रविवारी.

श्यामलाबाई आम्हाला शाळेत हस्तकला शिकवायच्या. आठवीनंतर माझी शाळा सुटली, बाई सुटल्या नाहीत. फुलीचा टाका त्यांनीच शिकवला.

मार्चमध्ये त्या मुलाकडे नाशिकला जाणार. कायमच्या. त्यांची नक्षीची वही इथेच ठेवून जाणार. त्यांच्या आईने चौकड्यांच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने काढलेल्या एकशे चौदा नक्ष्या. "मला आता चौकडी दिसत नाही रे. तुम्हा दोघांपैकी एकाला देईन."

दोघांपैकी. दिवाळीपर्यंत मी एकटाच होतो.

नाशिकच्या घरात लावायला वेलीचं काम आमच्यात वाटून दिलंय. मॅटीचं, चौकड्यांच्या विणीचं कापड तेवढं लांब मिळालं नाही, म्हणून दोन तुकडे. डावा माझा, उजवा त्याचा, शेवटी मध्ये जोडायचे. वरखाली काठ बाईंनी आधीच मशीनवर घालून दिलाय. उंची एकशे एकवीस चौकड्या. वेलीचा देठ बरोबर मध्यावर, एकसष्टाव्या चौकडीवर.

वही मलाच मिळायला हवी.

७ जानेवारी

बाईंची पद्धत – कापड दुमडायचं, घडीवर मध्य, तिथे पहिली फुली. आमोदने तसंच केलं. वर इस्त्री फिरवून आणली!

मी दुमडत नाही. मोजतो. गाळ्यावर दिवसभर गोण्या मोजतो, एकही इकडची तिकडे होत नाही. वरच्या काठापासून साठ सोडल्या, एकसष्टावीवर सुई घातली. दोनदा मोजलं.

११ जानेवारी, रविवार

बाई चहा टाकायला गेल्या, आमोद फोनवर. दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी होते. मी काठाला काठ लावून पाहिलं.

जुळत नाही. त्याची वेल माझ्यापेक्षा एक चौकडी वर आहे.

एकच चौकडी. पण जोडल्यावर देठ तुटलेला दिसेल. सांगितलं असतं तर आज त्याच्या सहाच ओळी उसवाव्या लागल्या असत्या. बाई कप घेऊन आल्या. मी तुकडे लांब केले.

१४ जानेवारी

अम्मीने तिळाच्या वड्या दिल्या, म्हणाली, "बाई को दे, और उस लडके को भी." त्याला कशाला?

आज जुनी कामं काढून बसलो. पहिला रुमाल, बदकाचा. फुल्यांचा वरचा टाका कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, त्यामुळे बदक भिजल्यासारखं दिसतं. मग लोकरीने भरलेली कॅनव्हासची उशी, गुलाबाची, सात महिने लागले. मग जहाज. जहाजाचं शीड मी चार वेळा उसवलं होतं. उसवलं की सुईची भोकं राहतात, मी रडकुंडीला आलो होतो. बाई हसल्या होत्या. "पाण्यात घाल. एकदा धुतलं की मॅटी सगळं विसरते." आणि खरंच, एक भोक दिसत नाही.

हे त्यांनी आमोदलाही सांगितलं असेल का?

१८ जानेवारी, रविवार

आमोदने विचारलं, "बिलालभाई, तुम्ही मध्य दुमडून काढलात का हो?"

"मी मोजतो."

माझ्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या. मग बाईंकडे. त्या सुईत दोरा ओवत होत्या, तीनदा चुकल्या.

"बरं," म्हणाला.

म्हणजे कळलंय त्याला. कबूल करायची लाज वाटते. वाटू दे. त्याच्या चाळीस ओळी झाल्यात.

२२ जानेवारी

गाळ्यावर लक्ष नाही. शेठ म्हणाले, "बिलालराव, परत मोजा, का मी मोजू?" बावीस गोण्या बरोबरच होत्या.

२५ जानेवारी, रविवार

आमोदच्या तुकड्यावर मागच्या रविवारपेक्षा निम्मंच काम! बाईंनी बोटं फिरवून ओळखलं. "काय रे, उंदरांनी खाल्लं का?" तो म्हणाला, "परीक्षा होती, बाई."

आत गेला तेव्हा परत काठाला काठ लावला. जुळतंय. देठाला देठ, पानाला पान.

चोर! माझं बघून सुधारलं. आता दोघांचंही सारखंच दिसणार. मग बाईंना फरक कसा कळणार? अकरा तारखेला बाईंसमोरच बोलायला हवं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

बाईंनी तुकडे जोडले. जोडावरून बोट फिरवलं, डोळे मिटून. "कुठे जोडलंय, बोटाला कळत नाही."

मग कपाटातून वही काढली. माझ्यासमोर ठेवली.

"बिलालची. इतकी वर्षं याचं मोजणं चुकलेलं नाही. आमोद, रागावू नकोस हं."

"छे हो बाई, बरोबर आहे," तो म्हणाला. आणि हसला. साधंच हसला. मला ते हसू आवडलं नाही.

वेल धुवून इस्त्री करायला घरी आणली आहे. वही उशाशी आहे. जितका आनंद व्हायला हवा तितका झालेला नाही.

१० फेब्रुवारी

धुण्याआधी कापड खिडकीत उजेडासमोर धरलं. आमोदच्या बाजूला, वेलीच्या एक चौकडी वर, बारीक भोकांची अख्खी ओळ. उसवलेल्या फुल्यांची.

मग माझी बाजू दुमडली. पहिल्यांदाच. घडी देठावर येत नाही, एक चौकडी वर येते. वरच्या काठाच्या शिलाईखाली अर्धी झाकलेली पहिली चौकडी मी धरलीच नव्हती.

बादली भरून ठेवली होती. ओतून दिली. रविवारी कापड न धुताच नेतोय. वहीसकट.